पाण्यावरची हाक

कारधा,
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय रिता,

तू ऑस्ट्रियात सुखरूप पोहोचलीस हे फोनवर कळलं. आता म्हणशील, काका, फोन असताना कागद काळा करून त्याचा फोटो कशाला पाठवता? त्याचं कारण तुझी आई. फोन वाजला की वहिनी हातातलं काम टाकून माझ्या तोंडासमोर येऊन बसते. तिच्यासमोर बोलता येत नाही ते लिहावं लागतं. मी अंगणात खाटेवर बसून लिहितो आणि तिला वाटतं, भाऊजी मजुरांची नावं मांडून राहिले. तू मेल कर. माझा चष्मा अजून शाबूत आहे.

परवा तू इन्सब्रुकला जाऊन राजाची बॅग ताब्यात घेशील. मागच्या वर्षीच्या थंडीत तुझा भाऊ तिथल्या हॉटेलच्या स्वयंपाकघरातून सुट्टी घेऊन व्हिएन्नाच्या गाडीत बसला, मधल्याच कुठल्या लहान स्टेशनावर उतरला, आणि बॅग गाडीत राहिली. नदीकाठाने एक सावळा मुलगा चालत जाताना कुणी पाहिला म्हणतात. पोलिसांनी नदी शोधली. काही हाती लागलं नाही. आता फाइल बंद केली आहे, बॅग घेऊन जा म्हणतात. राजकुमार गभणे नावाच्या माणसाचं या जगात तेवढंच शिल्लक आहे, म्हणून ती बॅग कशी आणायची ते नीट वाच.

वरच्या फळीवर ठेवायची नाही. वर ठेवलेली बॅग आपली नसते, जो आधी उतरतो त्याची असते. हे मी गयेच्या गाडीत माझी वळकटी घालवून शिकलो. पायाशी ठेव, एक पट्टा पायात अडकव, मी दिलेली साखळी सीटच्या दांडीला घालून कुलूप लाव. साखळी पाहून विमानतळावर हसले असतील तर हसू दे. पासपोर्ट अंगावर, बॅगेत नाही. दाराजवळची जागा घेऊ नको. कुणी फार गोड बोलायला लागलं तर बॅगेवर हात ठेवून बोल. आणि काहीही झालं, कितीही तहान लागली, कुणी खाली बोलावलं, तरी बॅग सोडून उतरायचं नाही. तो उतरला.

दुसरी गोष्ट बॅगेपेक्षा मोठी आहे. परमुलखात गेलेल्याला घरी आणताना प्रत्येक नदीवर हाक मारावी लागते. तुझ्या बाबांना नागपूरच्या दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं तेव्हा कन्हानच्या पुलावर मीच मारली होती, "चाल दादा, नदी आली, पाय सांभाळ." गेलेल्या माणसाला पाणी आपल्या आपण ओलांडता येत नाही. नाव घेऊन बोलावलं की येतो. राजाला तशीच मार, मागे वळून पाहू नको, आणि पुलावर असेपर्यंत साखळीचं कुलूप उघडं ठेव. बांधलेल्या वस्तूसोबत कुणी येत नाही. बॅग घरी आली की घाटावर देहाऐवजी पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळू आणि त्याचं सगळं रीतीने उरकू. महाराजांशी बोलून ठेवलं आहे.

वहिनीला मी "रिता राजाले आणायले गेली" एवढंच सांगितलं आहे. यात खोटं काही नाही. आपल्याकडे जित्याला आणि गेलेल्याला, दोन्हीला आणायला जाणंच म्हणतात. तिने काही विचारलं नाही, उठून त्याचं ब्लँकेट धुवायला घेतलं. मला हायसं वाटलं.

ती अजून दिवेलागणीला उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवते. सकाळी तो रिकामा असतो. मांजर पीत असेल, असं मी सगळ्यांना सांगतो. तांब्यात मांजराचं तोंड जात नाही, हे मलाही कळतं. रिता, या घराला आता एकदाचं निजायला मिळू दे.

भोजराजकाका


इन्सब्रुक,
७ नोव्हेंबर

काका,

बॅग मिळाली. एका बाईंनी आतून आणली, दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेल्या. मी तिथेच बसून राहिले. निळी बॅग, खालचा कोपरा फाटलेला, आणि तो कोपरा त्याने धानाचं पोतं शिवतात तसा सुतळीने शिवलेला. ऑस्ट्रियात सुतळी कुठून आणली कुणास ठाऊक. आत दोन शर्ट, स्वयंपाकघरातला पांढरा कोट आणि आईने दिलेला चिन्नोरचा डबा. तांदूळ त्याने शिजवलाच नव्हता. झाकण उघडलं आणि त्या सरकारी खोलीत आपल्या घरचा वास आला, तेव्हा मी रडले.

तुम्ही सांगितलं ते सगळं करते आहे. पण पाठीवर घेतली तर बॅग माझ्या कमरेखाली आपटते, कारण पट्टे त्याच्या उंचीचे आहेत. मी ते आवळले नाहीत. हात गेला, पण आवळवेना. रस्त्याने चालताना ती मागे हलते आणि मला वाटतं कुणीतरी माझ्या पावलावर पाऊल टाकून येतं आहे. मी थांबले की तेही थांबतं. लॉजच्या माणसाने खोलीची किल्ली देताना माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि दोन टॉवेल दिले. मी एकटी आहे म्हटलं तर सॉरी म्हणाला, पण टॉवेल परत घेतला नाही. हे मी सहज लिहिते आहे. तुम्ही यातून काही काढू नका.

आता माझं भांडण ऐका. काल आईचा फोन आला. पहिला प्रश्न, "राजाले थंडी तं नाही वाजून राहिली ना?" काका, मी "नाही" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तुम्ही म्हणता खोटं काही नाही. अर्धं सांगून गप्प बसणं याला तुमच्या बाजारात काय म्हणतात ते मला माहीत नाही, आमच्या औषधाच्या दुकानात त्याने माणूस मरतो. मी बॅग घेऊन दारात उभी राहीन तेव्हा ती माझ्या मागे बघेल. तेव्हा तुम्ही तिच्यासमोर उभे राहा, मी राहणार नाही.

आणि हाक मी मारणार नाही. तो गेला हे तुम्ही ठरवलंत, पोलिसांनी ठरवलं, मी नाही. आईनेच आम्हाला शिकवलं आहे की वाहत्या पाण्यावर जित्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, त्याचा जीव पाण्याकडे ओढला जातो. वैनगंगेत डोंग्यात बसलो की मी आणि राजा एकमेकांना नुसतं "ए" म्हणायचो. समजा तो कुठेतरी आहे. कुठल्या तरी हॉटेलात भांडी घासतो आहे, आपल्यावर रागावला आहे, घरी यायचं नाही म्हणतो आहे. आणि मी पुलावरून त्याचं नाव घेऊन म्हटलं, चाल. मग?

परवाची गाडी आहे. उत्तर द्या.

रिता


कारधा,
८ नोव्हेंबर

रिता,

तुझी बोलणी खाल्ली. पचली नाहीत, पण खाल्ली. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि इथे तर एकाच घरात सगळ्यांचं जळतं आहे.

आता माझी फजिती ऐक. तुला माहीत आहे, मला लिहिताना पुटपुटायची सवय आहे. शाळेत मास्तर त्यासाठी कान पिळायचे. मागचं पत्र मी अंगणात बसून लिहिलं ते सगळं वहिनीने भिंतीआडून ऐकलं. पुतळा, महाराज, कुलूप, मांजर, सगळं. म्हणजे तुला फोन केला तेव्हा तिला ठाऊक होतं की तिथे राजा नाही, बॅग आहे. तरी तिने थंडीचं विचारलं. मी तिला म्हटलं, "वहिनी, मालूम होतं तं काहून विचारलं?" ती म्हणाली, "इचारल्याबिगर तो कुठी हाय ते कसं समजन?" तुला याचं उत्तर सुचलं तर कळव.

तिने मला समोर बसवून तिचा निरोप लिहायला लावला आहे. मला पटत नाही, तरी शब्दाला शब्द लिहितो, कारण ती पाहून राहिली आहे.

"रिता, भाऊजीचं आयकू नोको. पान्यावर हाक नोको मारू. पोराचं आंग नाही भेटलं, हाड नाही भेटलं. जित्या पोराले पान्यावरून बलावलं तं तो येते, पन जिता नाही येत. बॅग आन, मी ठेवतो सांभाळून. पुतळा मी होऊ देनार नाही. जरासक लवकर ये."

हे तिचं झालं. ती आता चुलीकडे गेली आहे, म्हणून माझं लिहितो, ओठ दाबून. रिता, मीही दगड नाही. त्याला खांद्यावर बसवून मी धानाच्या बांधीतून फिरवला आहे. पण काल संध्याकाळी मी गोठ्यातून येत होतो, आणि अंगणातल्या वाळत्या धानावरून कुणीतरी चालल्याचा आवाज आला. पायाखाली धान कुरकुरतं तो आवाज मी झोपेतही ओळखतो. बघितलं तर कुणी नव्हतं. धानावर मात्र अंगणाच्या मध्यापर्यंत पाय उमटले होते. उंबऱ्यापर्यंत आले नव्हते. मी ते फावड्याने सारखे केले आणि वहिनीला सांगितलं नाही.

त्याला दारापर्यंत येता येत नाही, रिता. त्याचा अर्धा जीव इकडे आला आहे आणि अर्धा तिकडच्या पाण्यापाशी अडला आहे, असं माझं मत. मला अडाणी म्हण. हाक मारली नाही तर तो जन्मभर परक्या काठावर उभा राहील, त्याची भाषा बोलणारं तिथे कुणी नाही. तू जिता म्हणतेस, वहिनी जिता म्हणते. मग इतक्या दिवसांत एक फोन नाही? घरी येऊ नको, एवढंच सांगायला तरी?

मी मार म्हणतो, ती नको म्हणते. गाडीत तू असशील. तुझ्या मनाला येईल ते कर, मी नंतर एका शब्दाने बोलणार नाही. साखळी मात्र लाव.

काका


व्हिएन्ना,
१० नोव्हेंबर

काका,

हे पत्र ओठ मिटून वाचा. आईला यातलं काही कळू देऊ नका.

मी खिडकीची जागा घेतली. बॅग पायाशी, पट्टा पायात, साखळी दांडीला. गाडी भरलेली होती, लोक उभे होते, पण माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. एक म्हातारे गृहस्थ आले, सीटकडे पाहिलं, माफ करा अशा अर्थाचं काही बोलून पुढे गेले. तिकीट तपासनीस आला. त्याने माझं तिकीट पाहिलं आणि मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून हात पुढे केला. मी गोंधळून म्हणाले, "ब्रदर." त्याने मान डोलावली आणि गेला. मी असं का म्हणाले ते मला माहीत नाही.

त्या नदीचं नाव इन. इन्सब्रुक सोडल्यापासून ती रुळाच्या बाजूने चालत असते, दुधात राख कालवल्यासारख्या रंगाची, आणि फार ओढीची. तिच्याकडे बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती. मी ठरवलं होतं, हाक मारायची नाही. आईचं ऐकायचं. पण पूल आला तेव्हा मला तुमचंही वाईट वाटलं. म्हटलं, हाक नाही मारत, निदान कुलूप उघडते. यायचं असेल तर येईल, यायचं नसेल तर मी ओढलं नाही. दोघांचंही मन राखावं असा शहाणपणा केला. मी कुलूप काढलं, पट्टा पायातून सोडवला आणि पाण्याकडे पाहत बसले.

किती वेळ पाहत होते सांगता येणार नाही. पुलापलीकडे पोलिसांनी सांगितलेलं ते लहान स्टेशन आहे जिथे राजा उतरला. गाडी पुलावरच हळू झाली, लोक उठले, मी खाली हात नेला आणि हाताला नुसती साखळी लागली.

वर पाहिलं तर डब्याच्या टोकाला, दाराकडे जाणाऱ्या गर्दीत, ती निळी बॅग जात होती. कुणाच्या तरी पाठीवर. काका, पट्टे त्याच्या उंचीचे होते ना? त्या पाठीवर ती बरोबर बसली होती. खालचा कोपरा कमरेला लागत होता, राजाच्या लागायचा तसा. काळे केस, थोडा वाकलेला उजवा खांदा. चोर म्हणायला हवं होतं. इंग्रजीत म्हणायचं, मराठीत म्हणायचं, नुसतं ओरडायचं. मला चोर सुचलंच नाही. मी उभी राहिले आणि सगळ्या डब्यात घुमेल अशी ओरडले, "राजा! अरे राजा, थांब नं!"

गाडी पुलावर होती, काका. खाली पाणी होतं.

तो थांबला. सगळा डबा थांबला, तसा तोही थांबला असेल. तो मागे वळला. कुणी परका पोरगा होता, विशीतला, भेदरलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी पाहिलं, जिथे कुणी नव्हतं, आणि त्याचं तोंड पांढरं पडलं. बॅग खांद्यावरून काढून त्याने खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली. स्टेशनावर दार उघडलं तसा तो उतरून पळाला. एका बाईने बॅग उचलून माझ्याकडे आणून दिली आणि माझा हात धरून बसली.

स्टेशन सुटलं. मी उतरले नाही. साखळी परत लावली नाही. बॅग मांडीवर घेऊन बसले, आणि तेव्हापासून ती जड आहे. आत काही वाढलेलं नाही, मी पाहिलं. दोन शर्ट, कोट, तांदूळ. पण लॉजच्या जिन्यावर मला ती दोनदा खाली टेकवावी लागली.

काका, मी हाक मारली. नाव घेऊन, पाण्यावर, मोठ्याने. मारायची नव्हती आणि मारली. तो जिवंत असला तर मी काय केलं? काल सकाळपर्यंत माझा भाऊ कुठेतरी भांडी घासत होता, माझ्यावर रागावलेला होता, आणि मला तो रागावलेला चालत होता. आता मला त्याचं ते स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणताच येत नाही. प्रयत्न केला तर नळ वाहताना दिसतो आणि नळाशी कुणी नसतं.

आईला कोणत्या तोंडाने सांगू? सांगू नका. बॅग आणली, काही झालं नाही, एवढंच सांगा. उद्या रात्रीचं विमान आहे.

रिता


कारधा,
११ नोव्हेंबर

रिता,

ओठ मिटून वाचत होतो. वहिनी समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मोठ्यानं वाचा." मी म्हटलं, काही नाही, पोहोचली ती व्हिएन्नाला. ती म्हणाली, "भाऊजी, पह्यल्यापासून वाचा."

मी वाचलं. तू नको म्हणाली होतीस तरी वाचलं. मागच्या वेळी अर्धं सांगून काय झालं ते तूच मला सुनावलं आहेस.

ऐकून झाल्यावर ती उठली, उंबऱ्यावरचा तांब्या उचलला, आणि अंगणाच्या मध्यापर्यंत जाऊन तिथे ठेवला. बरोबर त्याच जागी, रिता, जिथून मी पाय पुसले होते. मी तिला ती जागा कधी दाखवली नव्हती. मग तिथेच खाली बसली. धान गोळा करायला मजूर आले, त्यांना मी हातानेच परत पाठवलं. शेवटी पदराने तोंड पुसून आली आणि म्हणाली, लिहा. मी काहीएक मधे घालत नाही.

"रिता, माय, रडू नोको. तुनं नाही मारली हाक, तुह्या तोंडातून निंगाली. तुह्या जागी मी असतो तं मीबी तेच नाव घेतलं असतं. पोराची पाठ दिसल्यावर कोन माय चोर म्हनन?

आता तो निंगाला हाय. जिता असन तं आपल्याले माफ करन, मायबहिनीवर किती दिवस राग धरन? नसन तं तुह्या संग येऊन राहिला. पन येका पान्यावर बलावून बाकीच्या पान्यावर मुकी नोको राहू. तसं केलं तं तो मधातच राहीन, ना तिकडचा ना इकडचा. मंग माह्यानं सहन होनार नाही.

बॅग खाली नोको ठेवू. इमानात मांडीवर घेऊ देत नसन तं पायावर ठेव, पन हात लावून ठेव. समुद्र लागन तवा काय करा लागते ते मालूम नाही, भाऊजी म्हंतात. बोलत राह्य त्याच्यासंग. घरचं सांग. धान बरं झालं म्हून सांग, काकाचे गुडघे दुखतात म्हून सांग. नागपूरवरून गाडीत बसली का कन्हान येन, तिथी हाक मारजो. वरठी टेसनले भाऊजी येतीन घ्याले. वैनगंगेच्या पुलावर तू उगी राह्य, तिथी मी येतो. घरच्या नदीवरची हाक मी मारतो.

पुतळ्याचं महाराजाले सांगून दिलं, करा म्हून.

अन् हाक मोठ्यानं मारजो, लाजू नोको लोकाईले. लहानपनापासून तो पयल्या हाकेले येतच नाही."